दवाखान्यातला गालिचा टाइल्सवर सरकतो, काय करावं?

रिसेप्शनवाली:
आमचा हाडांचा दवाखाना आहे. वेटिंगमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यावर डॉक्टरांच्या मिसेसनी दोन पातळ गालिचे टाकलेत. पेशंट वॉकर नाहीतर काठी घेऊन येतात. काल एका आजींची काठी कडेत अडकली, मावशींनी धरलं म्हणून वाचल्या. सेलोटेप लावली तर दुपारपर्यंत निघते. मला रोज धाकधूक असते.

नवा_सदस्य:
डबल साइड टेप लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

हाउसकीपिंग_पुणे:
ताई, स्टेशनरीतली टेप नको, कार्पेटची रुंद टेप मागा. पण आधी फरशी बघा. गालिच्याखाली बारीक धूळ साचते, फिनेल जास्त झालं की चिकट थर बसतो. अशा फरशीवर कुठलीच टेप धरत नाही. साध्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग स्पिरिटचा बोळा फिरवा. टेप चारही कडांना सलग लावा, नुसती कोपऱ्यांवर नाही. मधल्या भागाला रबराची अँटी-स्किड जाळी. ती कडेपासून दोन बोटं आत कापा, बाहेर डोकावली तर तिच्यातच पाय अडकतो.

मग काठीचं रबरी टोक जमिनीवरून कडेकडे सरकवून बघा. कड उचलली गेली तर तो गालिचा चालायच्या वाटेतून काढाच. मी हॉस्पिटलमध्ये काम करते, वॉकरच्या वाटेत गालिचा ठेवूच देत नाही. वॉकरवाला माणूस पाय उचलत नाही, ओढतो.

रिसेप्शनवाली:
मॅडमना वाईट वाटेल. हौसेने आणलेत.

हाउसकीपिंग_पुणे:
मग कोपऱ्यातल्या सोफ्याखाली घ्या. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर, वर जड टीपॉय. शोभाही राहते आणि वाट मोकळी. आजींचा प्रसंग मॅडमना जसा घडला तसा सांगा, ऐकतील.

रिसेप्शनवाली:
आजच बोलते. दारातलं काथ्याचं पायपुसणंही पावसात घसरतं.

हाउसकीपिंग_पुणे:
ते बदला. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही म्हटलं तरी चालेल, सगळं वरच राहतं. पाठीला रबर असलेली जड, कडेला उतार दिलेली मॅट घ्या. दोन घ्या: एक ओली झाली की मावशींनी लगेच दुसरी टाकायची, आणि टाकण्याआधी खालची फरशी कोरडी पुसायची. हे मावशींना स्वतः करून दाखवा.