टेम्परेचरचा काटा बरोबर मधोमध, तरी गरम गाडी स्टार्ट होत नाही. टेम्परेचर सेन्सर कसा तपासू?

सक्करदरा_२००४
नमस्कार. गाडी २००४ सालची, पेट्रोल, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली). बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवतो. समोरच्या खणात त्यांची डायरी आहे, दर टाकीचा हिशेब त्यांच्या अक्षरात. शहरातला ॲव्हरेज त्यात कधी चौदाच्या खाली दिसत नाही. एप्रिलपासून तीच डायरी मी भरतोय, आणि आकडे आहेत साडेअकरा, दहा, पावणेदहा. लिहितानाच जिवावर येतं.

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. पण कॉटन मार्केटला भाजी घेऊन पंधरा मिनिटांनी आलो की सेल्फ मारत बसावं लागतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तर उठते, मागे काळा धूर आणि पेट्रोलचा वास. चारही प्लग काजळीने काळे निघाले.

मिस्त्री म्हणाले सेन्सर गेला. बदलला, फरक शून्य. आता म्हणतात ईसीएम, म्हणजे पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर, बदला. तो खर्च करण्याआधी विचारतोय. काटा आधीही मधोमध होता, आताही आहे. मग सेन्सरचा संबंध आहे की नाही?

मानकापूरवाला
कोणता सेन्सर बदलला ते आधी पाहा. एका वायरचा की दोन वायरचा? जुन्या गाड्यांत एका वायरचा असतो तो फक्त डॅशबोर्डच्या काट्यासाठी. ईसीएमला तापमान सांगणारा वेगळा, दोन वायरचा. काट्याचा बदलून ईसीएमला काय कळणार?

वायरिंगवाले काका
भाऊ, बरोबर सांगून राह्यले हे. मी एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो, आता घरीच आहो. काट्यावर भरवसा ठेवून चांगले चांगले फसले.

तुमच्या गाडीची लक्षणं सांगतात की ईसीएमला वाटते इंजिन थंड आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते, म्हणून तो देत राहतो. सकाळी खरंच थंड असते म्हणून चालून जाते, गरम झाल्यावर तेच पेट्रोल जास्त होते. उलटा बिघाड असता, म्हणजे थंड असून गरम सांगत असता, तर डिसेंबरच्या सकाळी गाडीनं त्रास दिला असता.

आता काही बदलू नका. मोजा. दोन वायरचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, घराजवळ सापडेल. रात्रभर उभ्या गाडीत त्याचा कपलर (वायरीचा प्लास्टिकचा जोड) काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन पिना मोजा. बहुतेक सेन्सर २० अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास, ३० ला सतराशेच्या आसपास आणि ८० ला तीनशेच्या जरा वर दाखवतात. तापमान चढलं की ओहम उतरतात. मग सेन्सर काढून गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी तापवा, टोक पाण्यात बुडवा, सोबत थर्मामीटर ठेवा. आकडा सरसर उतरला पाहिजे, मधेच उडी नको. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण किंवा सेन्सर खोलू नका, पाणी उसळते.

मानकापूरवाला
एक शंका. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तरी इंजिन तापत नाही ना?

वायरिंगवाले काका
हो, पण तेव्हा इंजिन खरंच थंड राहते. वर्धा रोडला बुटीबोरीपर्यंत नेली की काटा खाली बसतो, गर्दीत वर येतो. यांचा काटा मधोमध आहे, म्हणून मी तिकडे गेलो नाही.

सक्करदरा_२००४
काका, मोजलं. मिस्त्रींनी खरंच एका वायरचाच बदलला होता. दोन वायरचा जुनाच आहे, आणि तो चांगला निघाला! सकाळी ३० अंशाला १७२०. पातेल्यातल्या पाण्यात ८० ला ३२५, उतरताना कुठे अडखळला नाही. म्हणजे ईसीएमच?

वायरिंगवाले काका
थांबा. सेन्सर खरं बोलून राह्यला, पण त्याचं बोलणं ईसीएमपर्यंत पोचते का? परत बसवा, कपलर लावा, गाडी चांगली गरम करा. मग कपलरच्या मागून, वायरीच्या बाजूनं, दोन बारीक सुया घालून व्होल्ट मोजा. ईसीएम तिथं ५ व्होल्ट पाठवतो. इंजिन तापत जाईल तसा आकडा एकाच्या खाली यायला पाहिजे.

सक्करदरा_२००४
पूर्ण गरम, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून बंद झाला, तरी २.३. कपलर उघडून टॉर्चनं आत पाहिलं तर एका पिनेभोवती हिरवी बुरशी, आणि वायर हलवली की आकडा १.१ ते २.६ नाचतो.

वायरिंगवाले काका
सापडलं. त्या हिरव्या गंजानं हजारावर ओहम मधे घातले. सेन्सरचे तीनशे आणि गंजाचे हजार, ईसीएम बिचारा बेरीजच वाचते. तुमच्या पंख्याचा स्विच वेगळा म्हणून पंखा चालला. ज्या गाडीत पंखाही याच सेन्सरवर असतो, तिथं असा बिघाड मे महिन्यात इंजिन जाळते. कपलर वायरीसकट नवा टाका, जोडाला नुसती टेप गुंडाळू नका, डाग देऊन (सोल्डर करून) वर स्लीव्ह चढवा.

सक्करदरा_२००४
केलं. गरम इंजिनावर ०.६ व्होल्ट. प्लग साफ केले. काल कॉटन मार्केटला मुद्दाम अर्धा तास थांबलो, पहिल्या सेल्फला सुरू. दोन टाक्यांनंतर डायरीत लिहिलं, १३.८. काका, बाबा असते तर तुमच्याकडे चहाला घेऊन आले असते.

वायरिंगवाले काका
तुम्ही या. आणि सेन्सर काढला तेव्हा जेवढं पाणी सांडलं तेवढी हवा आत शिरली असंन. थंड गाडीत झाकण उघडा, हीटर फुल गरमवर ठेवून सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा. बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडचं जड असते, रेडिएटरात खार बसते.