जिम्नी, रोजचा वापर: २१५/७५ की २३५/७५ आर१५? (खानापूर–बेळगाव)

खानापूर_वाट

मारुती जिम्नी, मॅन्युअल. कंपनीचे १९५/८० आर१५ टायर संपत आलेत. आठवडाभर खानापूर ते उद्यमबाग, म्हणजे सगळा डांबरी रस्ता. रविवारी कणकुंबीकडचं शेत: शेवटचा टप्पा लाल चिखल, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, मधेच जांभ्याचे दगड. अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा. दुकानदार २३५/७५ चा एमटी (चिखलाचा, मोठ्या ठोकळ्यांचा टायर) घाला म्हणालाय, रिम आहे तीच चालते म्हणालाय. लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणं) करायची नाही. काय घ्यावं? मायलेज किती पडेल? आणि आरटीओचं काय?

उद्यमबाग_पाना

दादा, आधी उंचीचा हिशेब करा, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. पहिला आकडा मिमीत रुंदी, दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची (साइडवॉलची) उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचे इंच. १९५/८० आर१५ ची उंची ६९३ मिमी. २१५/७५ ची ७०३.५. २३५/७५ ची ७३३.५. गाडी वर उचलली जाते ती या फरकाच्या निम्मी. म्हणजे २१५ घालून तुम्हाला फक्त ५ मिमी मिळणार, २३५ घालून २० मिमी. २१५ उंचीसाठी घ्यायचा नसतो. तो नक्षीसाठी, जाड साइडवॉलसाठी घ्यायचा.

आता रिम. कंपनीची डिस्क (रिमच, ब्रेकची नव्हे) ५.५ इंच रुंद आहे. २१५/७५ ला ५.५ ते ७ चालते, तेव्हा तो आहे त्याच डिस्कवर नियमात बसतो. २३५/७५ ला किमान ६ लागते. ५.५ वर तो चढतो, हवाही धरतो, म्हणून दुकानदार चालतंय म्हणतात. पण साइडवॉल आत ओढली जाते, मधला पट्टा फुगतो आणि टायर मधेच झिजतो. शेतात हवा कमी केली की रिमवरून निसटायची भीती वेगळीच.

मग रुंद रिम घेऊ म्हणाल, तर ऑफसेट (रिमच्या मध्यापासून नट बसायची जागा किती मिमी सरकलेली आहे ते) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ५.५ वरून ७ इंचावर गेलात आणि ऑफसेट तोच ठेवलात, तर चाक आत १९ आणि बाहेर १९ मिमी सरकतं. ऑफसेट आणखी २० ने कमी असेल तर बाहेर ३९ मिमी. म्हणजे दारावर चिखल, बेअरिंगवर जास्त भार.

लिफ्ट न करता २३५ घातला तर घासायच्या जागा ठरलेल्या आहेत: पुढच्या बंपरचा मागचा खालचा कोपरा, चाकाच्या खोबणीतलं प्लॅस्टिक आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर एक्सलचा आर्म. दुकानात सपाट फरशीवर गाडी उभी असताना यातलं काहीच दिसत नाही. एक पुढचं चाक फूटभर उंच ठोकळ्यावर चढवा, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि दोन्ही चाकांच्या खोबणीत हात घालून बघा. बोट जात नसेल तर रस्त्यावर घासणारच.

निपाणी_काळीमाती

मापापेक्षा एमटी की एटी (सगळ्या रस्त्यांचा टायर) हा प्रश्न मोठा आहे. तुमची बहुतेक धाव डांबरावर. एमटीचे ठोकळे मोठे, त्यांत बारीक चिरा कमी. ओल्या डांबरावर पकड त्या चिरांमुळे येते. चोर्ल्याच्या उतारावर पाऊस आणि धुकं असताना ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, आणि तिथं चिखलातली पकड काही कामाची नाही. वर हायवेवर घों घों आवाज. रोज जाणाऱ्याला महिन्यात कंटाळा येतो.

चिखल कुठला तेही बघा. कणकुंबीकडं वरचा थर लाल घसरडा, पण खाली जांभा कठीण असतो. तिथं अरुंद टायर वरचा थर कापून खाली टेकतो, रुंद टायर वरच तरंगून घसरतो. आमच्या निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत उलटं. खाली तळच लागत नाही आणि नक्षी पाचच मिनिटांत बुजून टायर पुरणपोळीसारखा गुळगुळीत होतो. तिथं एमटीसुद्धा चाक जोरात फिरवून माती झटकली तरच चालतो. खरं सांगायचं तर तिथं पाऊस थांबेपर्यंत बांधावर गाडी लावणं बरं. तुमच्या मातीला एटी पुरे आहे, फक्त साइडवॉल जाड बघून घ्या. जांभ्याची धार टायर बाजूनंच कापते आणि तिथलं पंक्चर प्लगनं निघत नाही.

लाल चिखलात माप वाढवण्यापेक्षा हवा कमी करण्यानं जास्त फरक पडतो. १८ पीएसआयपर्यंत उतरवा, वेग तीसच्या आत ठेवा, वळणं सावकाश घ्या. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका. बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर आणि एक बरं गेज गाडीतच ठेवा, म्हणजे डांबर लागायच्या आधी हवा भरता येते. १८ वर हायवे गाठला तर टायर आतून तापून फाटतो.

घाटमाथा

वरच्या दोघांशी बऱ्यापैकी सहमत, पण २३५ ला सरसकट नाही म्हणू नका. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये जो मधला उंचवटा असतो तो एक्सलवरच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला लागतो. लिफ्ट किट घालून बॉडी वर जाते, गोळा तिथंच राहतो. तो वर उचलतो फक्त टायर. तेव्हा २० मिमी फुकट नाहीत. मात्र ते काम अर्धवट करायचं नसतं: ६ किंवा ६.५ इंचाची रिम, थोडी लिफ्ट आणि लिफ्टसोबत कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल) दुरुस्त करणारे बुश. लिफ्टनं कॅस्टर कमी होतो आणि हायवेवर स्टेअरिंग सैल, भटकल्यासारखं वाटतं. पॅनहार्ड रॉडमुळं (एक्सलला आडवा धरणारा दांडा) एक्सलही एका बाजूला सरकतो, तो मधोमध आणावा लागतो.

पुढं अख्खा एक्सल असलेल्या कुठल्याही गाडीत जड चाकं घातली की साठ-सत्तरला स्टेअरिंग थडथडायची शक्यता वाढते. बरेच जण लगेच स्टेअरिंगचा डॅम्पर बदलतात. डॅम्पर थडथड झाकतो, बरी करत नाही. आधी बॅलन्सिंग, मग पॅनहार्डचे बुश, मग किंगपिन बेअरिंग (ज्यावर चाक वळतं ते) बघा. आणि अलाइनमेंटला या गाडीत पुढं फक्त टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) बदलता येतो. बिलात कॅम्बरचे (चाकाच्या उभ्या कलाचे) पैसे लावलेले दिसले तर काय फिरवलं ते दाखवा म्हणावं.

एवढं करायचं नसेल, आणि तुम्ही लिफ्ट नको म्हणालाच आहात, तर २१५. उंचवट्याला उपाय साधा आहे: दोन्ही चाकं चाकोरीत न घालता एक उंचवट्यावर आणि एक कडेला चालवा.

मायलेजचं म्हणाल तर २३५ वर ओडोमीटर सुमारे ५.५ टक्के कमी दाखवतो. मीटरवर ४०० किमी म्हणजे खरे ४२३. तीस लिटरला मीटरप्रमाणे १३.३ दिसेल, प्रत्यक्षात १४.१ असतं. घट होतेच, टायर जड असतो आणि पाचवा गिअर घाटात ओढत नाही, पण लोक सांगतात तेवढी नसते. २१५ ला मीटरचा फरक दीड टक्का, सोडून द्या.

आरटीओचं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते उचलूनही धरलंय. जिम्नीच्या दोन्ही व्हेरियंटना १९५/८० च आहे, त्यामुळं 'वरच्या मॉडेलचं माप' ही पळवाट इथं नाही. विमा कंपनीला ईमेलनं विचारून लेखी उत्तर घ्या, मगच टायर घ्या. त्याच मापात चांगला एटी मिळाला तर हा प्रश्नच उरत नाही.

खानापूर_वाट

एमटी रद्द. आधी १९५/८० मध्ये एटी शोधतो, नाही मिळाला तर विमावाल्यांना विचारून २१५/७५ एटी. चारच घेतले आणि स्टेपनी जुनीच ठेवली तर चालेल का? आणि रस्त्यावर हवा किती?

उद्यमबाग_पाना

पाच घ्या. फोर व्हील लावल्यावर पुढचा-मागचा एक्सल घट्ट जोडला जातो, मधे डिफरन्शियल नाही. एक चाक वेगळ्या उंचीचं असलं की ट्रान्सफर केसमध्ये (दोन्ही एक्सलना ताकद वाटणारी पेटी) ताण साठतो, लिव्हर अडकतो. नवीन १९५ शेजारी झिजलेली १९५ सुद्धा त्यातच आली. जुनी स्टेपनी ठेवलीच तर टू व्हीलमध्ये पंक्चरवाल्यापर्यंत जायला, बस्स. पाच असले की दर आठ-दहा हजाराला पाचही फिरवत राहा, झीज सारखी होते.

घेताना लोड इंडेक्स ९६ च्या खाली नको. ९६ म्हणजे टायरमागे ७१० किलो. बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. पाचही जवळपासच्या तारखेचे मागा. वॉल्व्ह नवीन घाला.

हवेची सुरुवात दाराच्या खांबावरच्या स्टिकरच्या आकड्यापासून करा. एलटी (हलक्या ट्रकचा) टायर असेल तर दोन-तीन जास्त. मग खडूनं टायरवर आडवी जाड रेघ मारा, कोरड्या सरळ रस्त्यावर शंभरेक मीटर जाऊन या. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. सगळी सारखी पुसली तो तुमचा आकडा. हे सकाळी टायर गार असताना करा, उद्यमबागेत पोचल्यावर नव्हे. आणि बसवल्यावर पन्नास-शंभर किमीनं व्हील नट पुन्हा टॉर्क पान्यानं बघून घ्या, एअर गननं आवळलेले सगळे सारखे नसतात.