मदत हवी आहे: मे महिन्यातल्या रिसेप्शनला कोटावर कोणतं फूल लावावं? (नागपूर)

ऑरेंजसिटी_२२

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात धाकट्या भावाचं रिसेप्शन आहे. वर्धा रोडवरचं लॉन, वेळ संध्याकाळी साडेसातपासून. घरातल्या पाच पुरुषांच्या कोटावर खरं फूल लावायचं ठरलंय. कपडे असे: नवरदेवाचा नेव्ही ब्लू थ्री-पीस (शिवायला टाकलाय, ट्रायल बाकी), दोन चुलतभावांचे चारकोल रेडिमेड सूट, बाबांचा क्रीम बंदगळा आणि जावयांचा काळा टक्सिडो, ज्याची कॉलर सॅटिनची आहे.

रात्री अकरापर्यंत मान टाकणार नाही असं फूल कोणतं? पिनेनं कापड खराब होतं का? आदल्या दिवशी बनवून ठेवलं तर चालेल का? डेकोरेशनवाला जरबेरा सुचवतोय. कसं लावणार विचारलं तर "आम्ही लावून देतो ना" एवढंच उत्तर.

देठ_आणि_पान

जरबेरा काहून लावता भाऊ? मोठा जरबेरा तीन-चार इंचांचा असतो आणि कोटाची कॉलर जेमतेम साडेतीन इंच. छातीवर निवडणुकीचा बिल्ला लावल्यासारखं दिसतं. शिवाय त्याचा देठ पोकळ, मऊ. तार घातली तरी फूल पुढे वाकतं. फूल कॉलरच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडंसं मोठं, म्हणजे दोन इंचांच्या आसपास असलं की पुरे.

नागपूरच्या मे महिन्यात रंगाच्या आधी टिकाऊपणा बघा. माझी पहिली पसंती कार्नेशनला. त्याच्या पाकळ्या खालच्या हिरव्या नळीत घट्ट धरलेल्या असतात, त्यामुळे गळत नाहीत, आणि पाण्याबाहेर संध्याकाळभर आरामात राहतं. कार्नेशन स्वस्तातलं फूल, अशी उगाच समजूत आहे. टक्सिडोवर पांढरं किंवा लाल कार्नेशन ही जुनी, सर्वमान्य रीत आहे.

दुसरा नंबर डेंड्रोबियम ऑर्किडचा. जाड पाकळी, वजन नाही, वाऱ्यानं सुकत नाही. तिसरा डच गुलाब, पण निवडून घ्यायचा. कळीचा बुड दोन बोटांनी हलकेच दाबून बघा: कडक लागला तर ताजा, दबला तर जुना. अर्धा उमललेला घ्या. पूर्ण उमललेला गुलाब लॉनवरच्या कूलरच्या झोतात तासाभरात पसरतो.

मोगरा, निशिगंध आणि अनंत या कामाला विसरा. अनंताचा वास कितीही आवडो, पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग उमटतो. लिलीच्या परागाचा पिवळा डाग कोटावर पडला तर पाण्यानं पुसू नका, तो अजून आत जातो. चिकटपट्टीनं टिपून काढा.

मागे एकच पान लावा. कामिनीचं चालेल. संत्र्याचं पानही छान चकचकीत दिसतं, पण जून, गडद हिरवं घ्या. कोवळं पान फुलाच्या आधी मान टाकतं. जिप्सोचा (गुच्छात भरतात त्या बारीक पांढऱ्या फुलांचा) झुपका नको. त्याचा भुगा नेव्ही ब्लूवर लगेच दिसतो.

काजबटण

ट्रायल बाकी आहे तर फूल ठरवायच्या आधी टेलरला गाठा. डाव्या लॅपलवर (कोटाच्या कॉलरचा छातीवर दुमडलेला भाग) कापलेलं, खरं काज हवं म्हणून सांगा, एक ते सव्वा इंचाचं, लॅपलच्या वरच्या कडेला समांतर. कार्नेशनची हिरवी नळी जाड असते, पाऊण इंचाच्या काजातून ती जात नाही. लॅपलच्या मागच्या बाजूला, काजाखाली साधारण दीड इंचावर, आडवा दोऱ्याचा लूप घालून घ्या, अर्धा इंच रुंद. देठ काजातून मागे न्यायचा आणि लूपमध्ये अडकवायचा. पीनही नको, तारही नको. पाच मिनिटांचं हातकाम आहे, पण सांगितल्याशिवाय सहसा कोणी करत नाही.

या पद्धतीत देठ दोन इंच ठेवा, कोरडा पुसा आणि कापलेल्या टोकाला फ्लोरिस्ट टेपचा (फुलवाले देठाला गुंडाळतात तो) एक वेढा द्या. नाहीतर लॅपलच्या आत ओल उतरते.

रेडिमेड सुटांचं काज बरेचदा नुसतं दाखवण्यापुरतं असतं: वर शिलाई, खाली कापड अखंड. लॅपल उजेडासमोर धरा, कळेल. शिलाई दाट असेल तर काज उघडता येतं. दोन्ही टोकांना आडवी टाचणी टोचा, म्हणजे रिपर (शिलाई उसवायचं छोटं हत्यार) पुढे सटकणार नाही, आणि मधून दोन्ही टोकांकडे थोडं थोडं कापत जा. शिलाई विरळ असेल तर हात लावू नका, कडा उसवतात. तिथे पीनच बरी.

पीन लावताना दहातले नऊ जण ती खाली, देठाच्या टोकाला लावतात. मग वजनदार डोकं फिरतं आणि फूल तासाभरात उलटं लटकतं. फूल काजावर ठेवा, देठ खाली, कॉलरच्या उताराला धरून. मोतीवाली लांब पीन लॅपलच्या मागून आत घाला, फुलाच्या लगेच खालच्या जाड भागातून आरपार न्या आणि पुन्हा कापडातून मागे काढा. टोक मागेच राहिलं पाहिजे, गळाभेटीत समोरच्याला टोचता कामा नये. दुसरी पीन अर्धा इंच खाली, उलट्या तिरक्या दिशेनं. दोन पिना असल्या की फूल फिरत नाही.

लोकरीच्या किंवा टेरीवूलच्या कापडावर पिनेचं भोक वाफ दिली की मिटतं. सॅटिनवर मिटत नाही, कायम राहतं. टक्सिडोला उघडं काज असेल तर देठ त्यातूनच न्या. नसेल तर मॅग्नेट. एकच गोल मॅग्नेट घसरतं. नेमप्लेटच्या मागे असतं ते दोन मॅग्नेटवाल्या पट्टीचं घ्या, ट्रॉफीच्या दुकानात मिळतं. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांच्या छातीवर मात्र मॅग्नेट अजिबात लावायचं नाही.

ऑरेंजसिटी_२२

फारच उपयोगी. टेलरला उद्याच सांगतो. तीन गोष्टी राहिल्या. बंदगळ्याला लॅपलच नाही, तिथे काय करायचं? आदल्या दिवशीच्या तयारीचं? आणि नवरीचा घागरा मोरपंखी आहे, फुलवाला म्हणतो निळं ऑर्किड आणून देतो. घेऊ का?

काजबटण

बंदगळ्यावर फूल डाव्या छातीवर, खिशाच्या वरच्या कडेच्या किंचित वर. नेहरूंचा गुलाब अचकनच्या काजात असायचा, ते बघून लोक बटण काढून देठ तिथे खोचतात. पण अंगालगत शिवलेल्या बंदगळ्यात त्या जागी फट पडते. इथे अस्तर आड येतं, त्यामुळे मागून पीन घालता येत नाही. वरूनच तिरकी घाला, कापड आणि कॅनव्हास (कापडाखालचा ताठ थर) पकडून बाहेर काढा आणि टोक देठावरच्या टेपमध्ये रुतवा. क्रीमवर पांढरं फूल फोटोत गायब होतं, गडद लाल किंवा मरून गुलाब घ्या. खिशातला रुमाल काढून टाका. बंदगळ्यावर दोन्ही म्हणजे गर्दी. ब्रोच असेल तर फूल नकोच.

देठ_आणि_पान

निळं ऑर्किड रंग पाजलेलं असतं. कापलेल्या देठातून तो रंग उतरतो, घाम किंवा कूलरचे तुषार लागले की शर्टावर येतो. मोरपंखी रंग नवरदेवाच्या रुमालात आणा, फूल पांढरंच ठेवा. नेव्ही आणि चारकोल, दोन्हींवर उठून दिसतं.

आता वेळापत्रक. गुलाब आणि कार्नेशनची जुडी २० फुलांची येते, तेव्हा पाच जणांसाठी एकेक जुडी भरपूर झाली. नवरदेवासाठी दोन फुलं तयार ठेवा. स्टेजवर शंभर गळाभेटी होणार, पहिलं चुरगळणारच. त्याच दिवशी सकाळी लवकर बर्डीच्या नेताजी मार्केटमधून आणा. देठ पाण्याखाली धरून तिरके कापा, खालची पानं काढा आणि स्वच्छ बादलीत, अंधाऱ्या थंड खोलीत दुपारपर्यंत उभे ठेवा. हे पाणी पिणं सगळ्यात महत्त्वाचं. तहानलेलं फूल तारेत बांधलं की त्याला दुसरी संधी नाही.

तीनच्या सुमारास बांधायला घ्या. पीन लावणार त्यांच्यासाठी देठ एक इंच ठेवा. २४ गेजची तार फुलाखालच्या हिरव्या फुगवट्यातून आडवी आरपार घाला, दोन्ही टोकं देठाशी समांतर खाली वळवा. (गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, दुकानात उलटं समजून जाड तार घेऊ नका.) पानासाठी २८ गेज. फ्लोरिस्ट टेप ताणूनच गुंडाळायचा, ताणल्याशिवाय तो चिकटत नाही. वरून सुरू करून तिरक्या वेढ्यांनी खाली या. घरात आहे म्हणून इलेक्ट्रिकचा टेप वापरू नका, चमकतो आणि उकाड्यात त्याचा गोंद सुटतो.

झाकणाच्या डब्यात ओलसर टिश्यूवर ठेवा, पाकळीला पाणी लागू न देता. डबा फ्रिजमध्ये, फ्रीझरच्या कप्प्यापासून लांब. आणि त्या दिवशी फ्रिजमधून आंबे बाहेर काढा! पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो, त्यानं कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. केळी, सफरचंदही तसंच. ऑर्किड घेतलंत तर ते फ्रिजमध्ये ठेवूच नका. उष्ण प्रदेशातलं फूल आहे, फार थंडीनं खराब होतं. एसीची खोली पुरे.

आदल्या दिवशी बनवायचंच असेल तर फक्त कार्नेशन. गुलाब नाही.

सावजी_रस्सा

एवढा खटाटोप कशाला? गांधीबागेत कापडाची फुलं मिळतात. वर्षभर वापरा.

काजबटण

चालतं की. फेल्टचं किंवा रेशमी, छोटं, एका रंगाचं घ्या. फोमचं, वर दवाचे थेंब चिकटवलेलं नको. पण पाचांपैकी तिघांचं खरं आणि दोघांचं कापडी असं करू नका, ग्रुप फोटोत फरक लगेच कळतो.

ऑरेंजसिटी_२२

मग खरंच लावतो, कार्नेशन चार आणि बाबांना गुलाब. घरून लावून निघालं तर चालेल?

देठ_आणि_पान

नाही. डबा घेऊन जा, लॉनच्या एसी खोलीत सातला लावा. गाडीत ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याचा सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो, नेमका फुलावरून. निघायला उशीर झाला आणि घरूनच लावावं लागलं तर नवरदेवाला मागच्या सीटवर उजवीकडे बसवा.