मदत हवी आहे: रामन स्पेक्ट्रोमीटरचा (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राचा) सीसीडी, म्हणजे कॅमेऱ्याची चिप, दुपारनंतर ठिपके देतोय

सोलापूर_लॅब: सकाळी स्पेक्ट्रम स्वच्छ, दुपारी बारानंतर सगळीकडे पांढरे ठिपके. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, यूएसबी केबल बदलली. फरक शून्य. सोमवारपर्यंत आठ नमुने द्यायचेत, लवकर सांगा.

अर्थिंगवाला: आधी अर्थिंग बघा. सोलापूरच्या पूर्व भागात असाल तर यंत्रमाग सुरू झाले की लाईनवर कचरा येतोच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2 व्होल्टच्या वर दाखवलं तर लॅबसाठी वेगळा खड्डा घ्या, कोळसा-मीठ घालून.

शून्य_सेकंद: चिपचं तापमान किती? एक्सपोजर किती? शटर बंद ठेवून दोन फ्रेम काढा. बायस शून्य सेकंदाची, म्हणजे नुसत्या इलेक्ट्रॉनिक्सचा आकडा. डार्क 60 सेकंदांची, म्हणजे त्यात चिपच्या उष्णतेने अंधारातही साठणारा सिग्नल. सकाळचे आणि दुपारचे सरासरी काउंट (पिक्सेलचे आकडे) इथे टाका.

खगोलछंद: फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाची फ्रेम, घेता का? पांढऱ्या कापडातून उजेड देऊन कमाल काउंटच्या निम्म्यापर्यंत भरा, वीस फ्रेमची सरासरी घ्या. धुळीचे डाग जातात.

शून्य_सेकंद: इथे धुळीचा प्रश्नच नाही. धूळ सकाळीही दिसली असती.

सोलापूर_लॅब: लॅब होटगी रोडला आहे, शेजारी माग नाहीत. सकाळी बायस 500, डार्क 512. दुपारी बायस 500, डार्क 592. तापमान −60 ला सेट आहे.

शून्य_सेकंद: सेट नको, प्रत्यक्ष सांगा. बायस हललेला नाही, म्हणून अर्थिंगचा संशय सोडा. लाईनचा गोंगाट असता तर पट्टे बायसमध्येच दिसले असते. बायस वजा केला तर डार्कचा भाग 12 वरून 92 वर गेलाय, जवळजवळ आठपट. डार्क करंट, म्हणजे उष्णतेने येणारा हा सिग्नल, दर 6-7 अंशांना दुप्पट होतो. म्हणजे तीन दुपटी, चिप साधारण 20 अंशांनी गरम. ठिपके म्हणजे हॉट पिक्सेल, ज्यांचा डार्क करंट इतरांपेक्षा जास्त असतो.

सोलापूर_लॅब: आत्ता −41.

गारवा: कॅमेऱ्याच्या मागे गार करायला नुसता पंखा आहे की पाणी?

सोलापूर_लॅब: पाणी. पंप आणि रेडिएटर. टाकीत बोअरचं भरतो, नळाला रोज कुठे येतं?

गारवा: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. पेल्टिअर (विजेवर गार करणारा भाग) सीसीडी चिपमधली उष्णता मागे फेकतो, ती पाण्याने वाहून न्यायची असते. बोअरचं पाणी जड, पेल्टिअरमागच्या धातूच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या बारीक वाटा असतात, त्यांत क्षार बसतो. सकाळी खोली गार असते म्हणून निभावतं. कॅमेरा बंद करून परतीची नळी लिटरच्या मापात धरा. सव्वा मिनिटात भरायला हवं.

अर्थिंगवाला: टाकीत बर्फ टाका, लगेच उतरेल.

शून्य_सेकंद: बर्फ अजिबात नको! पाणी दवबिंदूच्या खाली गेलं की आत बोर्डावर दव धरतं आणि सर्किट जातं.

सोलापूर_लॅब: माप भरायला चार मिनिटं दहा सेकंद. पंपाच्या जाळीवर पांढरा थर आहे, नखाने पापुद्रे सुटतात. लिंबूसत्व चालेल?

गारवा: ब्लॉक कशाचा ते माहितीपत्रकात बघा. ॲल्युमिनियम असेल तर आम्ल घालूच नका, धातू खातं. तांबं असेल तर लिटरला 20 ग्रॅम, कोमट पाण्यात, अर्धा तास फिरवा. कॅमेरा बंदच. मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा आणि पुढेही डिस्टिल्डच भरा.

सोलापूर_लॅब: तांबं होतं. धुतलं. आता माप एक मिनिट वीस सेकंदांत भरतं. दुपारी तीनला −57.

अर्थिंगवाला: तरी अर्थिंग मोजाच.

शून्य_सेकंद: मोजा, पण नमुन्यांनंतर. सेट −55 करा, म्हणजे दिवसभर तिथेच टिकेल. डार्क त्याच तापमानाला, त्याच एक्सपोजरला नव्याने काढा. सकाळची जुनी फ्रेम वजा करू नका.