मँचेस्टरहून एका दिवसात लेक डिस्ट्रिक्ट: कुठलं तळं धरावं?

मीठभाकर
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं या उन्हाळ्यात मँचेस्टरला आलोय, अजून शहराबाहेर फारसं पडलोच नाही. ऑक्टोबरच्या मध्यात एक शनिवार मोकळा मिळतोय तर भाड्याने गाडी घेऊन लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडच्या तळ्या-डोंगरांच्या भागात, जायचा विचार आहे, पहाटे निघून रात्री परत. तळ्याकाठून तीन-चार तास चालणं आणि थोडं छान रस्त्यावरचं ड्रायव्हिंग, बास. नवऱ्याचा गुडघा कुरकुरतो त्यामुळे उभा चढ नको. गाडीचं भाडं, पेट्रोल, पार्किंग सगळं धरून १०० पौंडांत बसवायचंय, डबा घरून नेणार. आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते ना? आणि तळं कुठलं ते सांगा.

वारा_भन्नाट
बटरमिअर. दुसरं काही बघूच नका. तळ्याभोवतीची फेरी साधारण ७ किमी, जवळजवळ सपाट, एका ठिकाणी तर वाट कातळातल्या छोट्या बोगद्यातून जाते. केझिक गावावरून बॉरोडेल खोऱ्यामार्गे हॉनिस्टर पास (म्हणजे घाट) चढून जा, चाराला एक, म्हणजे चार फूट पुढे गेलं की एक फूट वर असा चढ आहे, मजा येते. आणि तिथवर गेलाच आहात तर येताना हार्डनॉट पास करा, तो तिनाला एक. मी आमच्या जुन्या मॅन्युअल गाडीने केलाय, बायको डोळे मिटून बसली होती. वरंधा घाट चालवलेल्या माणसाला काही वाटत नाही.

ठाणेकर_लीड्सवाला
भन्नाटराव, बटरमिअर एका टोकाला, हार्डनॉट दुसऱ्या दिशेला, आणि परत मँचेस्टर. चालणार कधी? बटरमिअरलाच जायला अडीच तास लागतात.

वारा_भन्नाट
पहाटे चारला निघा.

सुमतीकाकू
अगं मीठभाकर, एका दिवसात काय धावपळ करतेस. आम्ही विंडरमिअरला तळ्यासमोरचं हॉटेल घेतलं होतं, रात्रीचे २८० पौंड झाले पण सकाळी पडदा सारला की पाणी. इंग्लंडातलं सगळ्यात लांब तळं आहे ते. दोन रात्री तरी राहाच. बोटीत बसा, संध्याकाळी काठावरच्या बोनेस गावात जेवा. नवऱ्याच्या गुडघ्यालाही आराम.

मीठभाकर
काकू, १०० पौंड म्हटलंय हो मी 🙂

रांगडा_गडी
बूट कुठलं हायत तुमच्याकडं? ते आधी सांगा. स्पोर्ट शूजवर जाऊ नका, पार चिखल असतोय. म्या १८० पौंडांचं घेतलंय, घोट्यापर्यंत, पाणी आत येत न्हाई. नाद करायचा न्हाई. आन छत्री अजिबात नेऊ नका, वाऱ्यानं उलटी हुती.

कापूसकोंड्या
पावसाचं खरं आहे. बॉरोडेलमधलं सीथवेट इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण मानतात, वर्षाला साडेतीन हजार मिमीच्या आसपास.

ठाणेकर_लीड्सवाला
महाबळेश्वरला पाच हजाराच्या वर पडतो. त्यापुढे हे काहीच नाही.

कापूसकोंड्या
महाबळेश्वरचा सगळा चार महिन्यांत पडतो. इथे बारा महिने पाळीपाळीने. तुम्ही लीड्सला राहता, तुम्हाला काय माहीत पाऊस.

ठाणेकर_लीड्सवाला
ठाण्यात वाढलोय साहेब.

निमिषा_व्ही
आधी लायसन्सचं, कारण त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही. इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्स चालतं. भाड्याच्या गाडीचे नियम मात्र कंपनीगणिक वेगळे, किती वर्षं जुनं लायसन्स हवं, डिपॉझिट क्रेडिट कार्डावरच हवं वगैरे, बुक करण्याआधी फोन करून विचारा. दुसरा ड्रायव्हर टाकला की जादा पैसे घेतात.
गाडी लहान घ्या. फुकट अपग्रेड म्हणून आम्हाला भली मोठी एसयूव्ही दिली, अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, डावा आरसा दगडी भिंतीला लागला आणि भाड्यापेक्षा जास्त भरपाई कापून घेतली. एकपदरी रस्त्यावर समोरून गाडी आली आणि पासिंग प्लेस, म्हणजे बाजू द्यायला रुंद केलेली जागा, तुमच्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरा, उजवीकडे असेल तर तिच्या समोर थांबून राहा, समोरचा त्यात वळेल. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली म्हणजे साध्या दुपदरी रस्त्याला कमाल ६० मैल, पण तेवढ्या वेगाने जायलाच हवं असं नाही. मागचा चिकटला तर जागा बघून बाजूला घ्या, त्याला जाऊ द्या.

फिरस्ती_म्हातारा
अल्सवॉटर बघा. ग्लेनरिडिंगला गाडी लावायची, बोटीने हाउटाउनला उतरायचं आणि काठाकाठाने चालत परत यायचं, १०-११ किमी आहे. थोडा खडबडीत चढउतार आहे पण डोंगर चढायचा नाही. बोट आधी घ्यायची, म्हणजे शेवटची बोट चुकेल म्हणून पळावं लागत नाही. वेळ उरला तर एअरा फोर्सचा धबधबा जवळच आहे. परतताना कर्कस्टन पासवरून विंडरमिअरकडे उतरा, ४५४ मीटर उंचीवरून रस्ता जातो, तुमची ड्रायव्हिंगची हौस तिथे फिटेल.

सुमतीकाकू
बोट मी पण सांगितलीच होती.

गिरीभ्रमर
इतकं लांब जाऊन डोंगर न चढता परत? कॅटबेल्स करा, ४५१ मीटर, आपल्या कळसूबाईच्या पाव उंचीची टेकडी. लहान मुलं चढतात. वरून अख्खं डरवेंटवॉटर दिसतं.

निमिषा_व्ही
वरच्या टप्प्यात हात टेकून चढावं लागतं आणि उतरताना तोच खडक गुडघ्यावर येतो. प्रश्न वाचा ना.

कापूसकोंड्या
ग्रासमिअरला थांबून जिंजरब्रेड घ्या. चर्चच्या शेजारी चिमुकलं दुकान आहे, १८५४ पासून बनवतात.

रांगडा_गडी
त्यापरीस चकली बरी.

मीठभाकर
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः निमिषा आणि फिरस्तीकाका. पण आम्ही हॉजवॉटर ठरवलंय. नवऱ्याने कुठेतरी वाचलं की आमच्या नळाला येणाऱ्या पाण्यात तिथलंही असतं. १९३०च्या दशकात मँचेस्टरसाठी ते धरण बांधलं तेव्हा मार्डेल नावाचं गाव बुडालं, चर्च पाडलं, कबरी उकरून शाप (Shap) नावाच्या गावी नेल्या. सासऱ्यांचं गाव कोयनेखाली गेलंय, त्यामुळे हे वाचल्यापासून तो दुसरं काही ऐकतच नाही. आता जातोय तर तिथेच.

वारा_भन्नाट
तिथे काय आहे? धरण आणि मेंढ्या.

ठाणेकर_लीड्सवाला
गाव दिसेल म्हणून जाऊ नका. फार कोरड्या वर्षी पाणी आटलं तरच भिंती वर येतात.

मीठभाकर
हो, ते माहीत आहे त्याला. तरी जायचंय.

फिरस्ती_म्हातारा
मग ऐका. एम ६ महामार्गावर ३९ नंबरच्या फाट्याला बाहेर पडा, शाप, पुढे बॅम्प्टन, मग तळ्याच्या पूर्व काठाने मार्डेल हेडपर्यंत रस्ता जातो आणि तिथेच संपतो. पार्किंग लहान आहे, नऊच्या आत पोचा. तिथे कॅफे नाही, डबा आणि पाणी घेऊनच जा. टोकाला वळसा घालून पलीकडच्या काठाने 'द रिग' नावाच्या झाडीच्या टोकापर्यंत जा, बुडालेलं गाव त्याच बाजूला आहे. वाट दगडाळ आहे पण गुडघा कुरकुरला तर तिथूनच परत फिरा. पूर्ण तळ्याची फेरी १० मैलांची आहे, तिच्या नादी लागू नका, सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मोबाइलला रेंज मिळेल असं धरू नका, नकाशा आधीच फोनवर डाउनलोड करून घ्या. अडचण आलीच तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावून पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचावपथक, हवंय असं सांगायचं, ते पैसे घेत नाहीत.

गिरीभ्रमर
इंग्लंडमधला शेवटचा सोनेरी गरुड तिथेच राहायचा. २०१५ नंतर दिसला नाही. आता मेंढ्याच, भन्नाटरावांचं बरोबर आहे.

रांगडा_गडी
बुटाचं काय ठरलं?

मीठभाकर
नवऱ्याचे आहेत. माझे स्पोर्ट शूजच.

रांगडा_गडी
मोजं तरी दोन जास्तीचं घ्या.