मदत हवी आहे: वर्गाचं वर्चस्व आणि राष्ट्राचं वर्चस्व एकाच मापाने मोजायचं का?

मंडळी, अभ्यासगटात या विषयावर बोलायचं आहे आणि एका जागी गाडं अडलंय.

इटलीचा मार्क्सवादी विचारवंत ग्रामशी याचं म्हणणं ढोबळमानाने कळतं. 1926 साली मुसोलिनीच्या राजवटीने त्याला पकडलं. पुढे तुरुंगातल्या वह्यांत त्याने मांडलं की सत्ताधारी वर्ग नुसत्या दांडक्यावर टिकत नाही. शाळा, चर्च, वर्तमानपत्रं यांतून त्याचाच विचार सगळ्यांना साधी व्यवहारबुद्धी वाटू लागतो, म्हणजे लोकांची संमतीच मिळते. इथवर ठीक.

पण राष्ट्रांचं काय? 1956 चं सुएझ कालव्याचं प्रकरण घ्या. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल इजिप्तवर चालून गेले. अमेरिकेने एकही गोळी झाडली नाही. पौंड डळमळत असताना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा (IMF) आधार तेवढा अडवून धरला, आणि ब्रिटनला सैन्य मागे घ्यावं लागलं. मला तर ही सरळ गळचेपी दिसते (सभ्य भाषेतली, इतकंच). पण नाणेनिधीचे नियम 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ठरले तेव्हा ब्रिटन स्वतः टेबलाशी होता. म्हणजे संमती आधीच देऊन झाली होती?

रॉबर्ट कॉक्स या अभ्यासकाने ग्रामशीला आंतरराष्ट्रीय राजकारणात आणलं, हे ठाऊक आहे. माझा प्रश्न असा की वर्गाच्या बाबतीत शाळा-वर्तमानपत्रं जे काम करतात, ते राष्ट्रांमध्ये नेमकं कोण करतं? नाणेनिधीसारख्या संस्था, की दुबळ्या देशांतलाच वरचा वर्ग? मला दुसरं जास्त पटतं, पण ठोस उदाहरण हाताशी नाही. कुणाला सुचतंय का? उलट बाजू मांडलीत तरी चालेल.