डिजीकॅम: फोल्डर बदलल्यावर निम्म्या छायाचित्रांची लेबले गेली

प्रश्न (मूल तालुका, जि. चंद्रपूर)
नमस्कार. गावच्या वाचनालयासाठी मी झाडीपट्टी रंगभूमीच्या छायाचित्रांचा संग्रह डिजीकॅम या छायाचित्रे सांभाळण्याच्या संगणक-प्रणालीत करीत आहे. धान निघाल्यानंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने गावोगावी जी नाटके होतात, त्यांची ही छायाचित्रे असून गाव, नाटक आणि कलावंत अशी लेबले लावण्यात माझे दोन हिवाळे गेले आहेत. मागच्या आठवड्यात विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून मी सर्व फाइली वर्षवार फोल्डरांत हलवल्या आणि ‘डीएससी_०४१२’ अशी नावे बदलून ‘नवरगाव १४ जानेवारी’ अशी केली. त्यानंतर डिजीकॅम उघडले, तेव्हा काहींची लेबले शाबूत होती आणि जवळजवळ निम्म्यांची गेली होती. सगळ्या फाइली एकाच पद्धतीने हलवल्या असताना असे का व्हावे? जुन्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आहे.

उत्तर (ब्रह्मपुरी)
भाऊ, सर्वांत आधी एक सांगतो: डिजीकॅमच्या ‘देखभाल’ सोयीतील डेटाबेसची सफाई आत्ता चालवू नका, कारण ज्यांच्या फाइली सापडत नाहीत अशा नोंदी तीत पुसल्या जातात.
लेबले ‘डिजीकॅम४.डीबी’ या डेटाबेसमध्ये राहतात आणि फाइल कोणत्या फोल्डरात कोणत्या नावाने आहे, या नोंदीला ती जोडलेली असतात. बाहेरून फाइल हलवली की ती जोडणी तुटते. मात्र नव्या जागी आढळलेली फाइल जुनीच आहे का, हे डिजीकॅम तिच्या आतल्या मजकुरावरून काढलेल्या खुणेशी ताडून पाहते आणि खूण जुळली तर लेबले पुन्हा लावते. तेव्हा लेबले गेलेल्या छायाचित्रांत आपण आणखी काही बदल केला होता का?

प्रश्नकर्ता
होय. उभी छायाचित्रे आडवी दिसत होती, म्हणून ती विंडोजमध्येच फिरवून घेतली होती. आता एकेक तपासले. लेबले गेलेली सर्वच्या सर्व उभी छायाचित्रे आहेत. डेटाबेसची दिवाळीतली प्रतही सापडली असून त्यानंतर मी एकही नवे लेबल लावलेले नाही.

उत्तर (ब्रह्मपुरी)
मग आपली मेहनत वाया जाणार नाही. डिजीकॅम पूर्ण बंद करून सध्याचे फोल्डर आणि डेटाबेस वेगळ्या जागी ठेवा; हार्डडिस्कवरच्या मूळ फाइली जुन्याच फोल्डरांत, जुन्याच नावांनी परत आणा आणि दिवाळीचा डेटाबेस जागेवर ठेवून मगच डिजीकॅम उघडा. लेबले दिसली की ती सर्व फाइलींमध्ये लिहून घ्या, म्हणजे पुढे डेटाबेस बिघडला तरी गाव आणि कलावंत छायाचित्रासोबतच राहतील. यापुढे हलवणे, फिरवणे, नाव बदलणे हे सारे डिजीकॅमच्या आतूनच करा. नाव बदलण्यासाठी एफ२ दाबले की अनेक फाइलींना एकदम क्रमांकही देता येतात.

उत्तर (वडसा)
वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. लेबले वेगळ्या एक्सएमपी फाइलींत (छायाचित्राची माहिती ठेवणाऱ्या जोड-फाइलींत) लिहीत असाल, तर छायाचित्राबरोबर तीही फाइल हलली पाहिजे. डिजीकॅम हे स्वतः करते, एक्सप्लोरर करीत नाही. नावाबद्दलही सुचवतो: गावाआधी तारीख घाला आणि तीत वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवा, म्हणजे एका हंगामाचे प्रयोग आपोआप ओळीने लागतात. आमच्याकडे गावाचे नाव आधी होते, त्यामुळे एकाच गावचे सात वर्षांचे प्रयोग एकमेकांत मिसळले होते. नाटकाचे लांबलचक नाव मात्र लेबलातच राहू द्या.

प्रश्नकर्ता
काल रात्री सांगितल्याप्रमाणे केले. उभ्या छायाचित्रांसह सर्व लेबले परत आली असून ती आता फाइलींमध्ये लिहिली जात आहेत. आपणा दोघांचे मनापासून आभार.